मथळ्यात गुढी, चित्रातून काठी गायब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या पुरवणीत ‘ग्रीकांचीही गुढी’ या मथळ्याखाली आपण एकोणिसाव्या शतकातले इंग्रज चित्रकार फ्रेडरिक लेटन यांचं ‘डॅफ्नेफोरिया’ हे चित्र छापलंत. मराठी वर्तमानपत्रात लेटन दिसले याचा आनंद झाला आणि लगेच मावळला. कारण छापला आहे तो चित्राचा उजवीकडचा भाग, म्हणजे गाणाऱ्या मुली. जिच्यावरून मथळा सुचला असणार, ती काठी डावीकडे आहे. ती कात्रीत गेली! सारी हयात चित्रकला शिकवण्यात गेल्यामुळे गप्प बसवेना.

हे चित्र सव्वापाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटरहून थोडं जास्त उंच आहे. स्ट्युअर्ट हॉजसन या बँकरने आपल्या घरासाठी ते काढून घेतलं आणि १८७६ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं गेलं. आज ते लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइटला, लेडी लीव्हर कलादालनात आहे. मुलगी तिकडे असते, तिच्याबरोबर मर्सी नदीखालून जाणाऱ्या रेल्वेने मी तिथे गेले होते. दालन उभं राहिलं ते सनलाइट साबणाच्या पैशावर. (त्याच लीव्हर कंपनीचा साबण १९३४ पासून शिवडीत बनू लागला. आमचे सासरे तिथे पॅकिंगला होते, त्यामुळे तिकिटाचे निम्मे पैसे आपणच भरलेत असं मला उगाच वाटत होतं. आणि आत गेल्यावर कळलं, प्रवेश फुकट!)

आता काठीबद्दल. ग्रीसमधल्या थीब्ज नगराचे लोक दर नवव्या वर्षी अपोलो देवाची मिरवणूक काढत, तीच ही डॅफ्नेफोरिया. तिचं वर्णन प्रोक्लस नावाच्या लेखकाने केलं होतं. मूळ ग्रंथ गेला, पण नवव्या शतकात फोटियस या बायझंटाइन विद्वानाने करून ठेवलेल्या गोषवाऱ्यात ते वर्णन टिकलं. ऑलिव्हच्या लाकडाची काठी, तिला लॉरेलची पानं आणि फुलं गुंडाळलेली. टोकाला काशाचा गोळा म्हणजे सूर्य. मध्यावर त्याहून लहान गोळा, तो चंद्र. बारीक गोळे लोंबतात त्या चांदण्या. जांभळ्या फिती वर्षाच्या दिवसांइतक्या, ३६५. तळाशी केशरी कापड. ही काठी धरायची कुणी, तर मिरवणुकीतल्या मानाच्या मुलाच्या जवळच्या नातलगाने. मानाचा मुलगा आईवडील दोघेही हयात असलेलाच लागे. तो केस मोकळे सोडून, सोन्याचा मुकुट घालून, लॉरेलला हात लावून मागून चाले.

काठी आणि वर धातूचं काहीतरी, एवढ्यावर तिला गुढी म्हणणं मला पटत नाही. आपली गुढी घरोघरी, दरवर्षी, एका ठरलेल्या तिथीला उभी राहते. ही काठी सबंध नगराची, चालती, आणि आठ वर्षं वाट पाहायला लावणारी. आठ, कारण ग्रीक लोक दोन्ही टोकं धरून मोजत, म्हणून आपल्या हिशेबाने आठांचं चक्र. त्यामागे सूर्य आणि चंद्र यांचा मेळ आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. आठ सौर वर्षांचे दिवस २९२२ भरतात आणि ९९ चांद्र महिन्यांचेही जवळपास तितकेच, फरक दीड दिवसाचा. ९९ म्हणजे बारा-आठे ९६ आणि वर तीन महिने. आपल्याकडेही आठ वर्षांत बहुधा तीनच अधिक मास येतात. साम्यच दाखवायचं होतं तर ते हे होतं. पाडव्याऐवजी धोंड्याच्या महिन्यात हे चित्र छापलं असतं, तर मी टाळी दिली असती.

छापलेल्या भागालाही कापाकापीने न्याय मिळालेला नाही. लेटन यांनी या गाणाऱ्या मुलींचे गट आधी मातीत घडवले, अंगं कपड्यांशिवाय अभ्यासली, मग त्यांवर वस्त्रं चढवली. म्हणूनच चुण्यांखालचा गुडघा नेमका कुठे आहे ते कळतं. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हेच घोकून घोकून सांगायचे. शिवाय त्या मुली गातात त्या समोर उभ्या गायकप्रमुखाच्या इशाऱ्यावर. तो मिरवणुकीच्या पुढच्या भागाकडे पाठ करून, त्यांच्याकडे तोंड करून, हात उंचावून ताल देतो. आपण छापलेल्या तुकड्यात त्याच्या कोपरापुढचा हात तेवढा शिल्लक आहे. तो कुणाचा आणि कशासाठी वर झाला आहे, हे वाचकाने कसं ओळखावं? मिरवणूक उजवीकडून डावीकडे सरकते. डावी बाजू काढली की ती चालेनाशी होते, मुली नुसत्या फोटोला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

लेटन यांचे मुलगे-मुली व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजांसारखे गोरेगोमटे आहेत, थीब्जच्या उन्हातले वाटत नाहीत, अशी टीका कुणी केली तर मी वाद घालणार नाही. पण ती टीका करायलाही चित्र पूर्ण दिसायला हवं.

जागेची अडचण मला समजते. तरी हिशेब करून पाहिला: आपल्या पानाची छपाईची रुंदी ३३ सेंटिमीटर धरली, तर सबंध चित्राला साडेचौदा सेंटिमीटर उंची पुरते. गेल्या रविवारी त्याच पानावर तळाशी गाद्यांची जाहिरात होती, ती याहून उंच होती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा