बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर

कोलंबस, ओहायो
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. थंडी कडक आहे, पण आईने दिलेली गोधडी आणि दोन स्वेटर यांवर निभते आहे. पत्रास कारण, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेला प्रश्न. तुम्ही म्हणालात, "दोन वर्षं शिकायचं, एवढं कर्ज काढायचं, आणि शेवटी माणसांचं ऐकायचंच असेल, तर त्याला पदवी कशाला लागते?" तुम्ही रागाने विचारले नव्हते, हे मला आवाजावरून कळले. मी मात्र घाईने काहीतरी बोलले आणि फोन ठेवल्यावर दिवसभर अस्वस्थ राहिले. तुमची झोपायची वेळ आणि माझी सकाळची गडबड यांत मावेल असे ते उत्तर नव्हते. शिवाय एक गोष्ट तुम्हाला विचारल्यावाचून मी करून बसले आहे. तीही या पत्रात लिहायची आहे.

आपल्याकडे या कामाला समुपदेशन म्हणतात आणि त्या शब्दातच 'उपदेश' असल्यामुळे शेजारच्या काकूंनाही वाटते की मी लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला शिकते आहे. प्रत्यक्षात पहिल्या सेमिस्टरमध्ये सर्वांत आधी उपदेशाचीच सवय मोडावी लागली. वर्गातल्या दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचे, एकीने स्वतःची एखादी खरी अडचण सांगायची, दुसरीने ऐकायचे, आणि पुढे त्याचे चित्रीकरण पाहून त्यातली दहा मिनिटे शब्दशः लिहून काढायची, असा तो अभ्यास होता. माझी मैत्रीण काय सांगत होती ते मी लिहीत नाही, कारण ते तिचे आहे. माझे काय झाले ते सांगते. त्या दहा मिनिटांत ती तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा मी मध्येच बोलून ती पोकळी भरून काढली. आमच्या प्राध्यापिकांनी चित्र थांबवले, पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "इथे ती श्वास घेत होती. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तू ऐकलंच नाहीस." मी धीर देत होते असे मला वाटत होते. खरे म्हणजे तिचे दुःख माझ्याच्याने बघवत नव्हते, म्हणून मी बोलत होते. हे कळायला मला एक सेमिस्टर लागले, आणि अजूनही काही दिवशी ते नव्याने शिकावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडले की समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारणे, त्याचे जग त्याच्या जागेवरून समजून घेणे आणि स्वतः मुखवटा न घालता त्याच्यासमोर बसणे, यांतूनच माणसात बदल घडू लागतो. वाचायला हे सोपे वाटते, पण खोलीत बसल्यावर घाम फुटतो.

तुम्ही बेस्टमध्ये असताना प्रत्येक टप्प्यावर वेबिल भरत होतात आणि रात्री डेपोत पैसे मोजून त्याचा ताळा जमेपर्यंत घरी येत नव्हतात, ते मला आठवते. माझेही तसेच वेबिल आहे. या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केकरेप नावाची संस्था १९८१ पासून आहे आणि तिच्या नियमांप्रमाणे पदवीसाठी ६० क्रेडिट लागतात. त्यांत आधी १०० तासांचे प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, असते, ज्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष माणसांसोबतचे असावे लागतात. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप, आणि तिच्यातले किमान २४० तास प्रत्यक्ष. उरलेल्या तासांत नोंदी लिहिणे, बैठकांची तयारी आणि पर्यवेक्षण येते. दर आठवड्याला एक तास पर्यवेक्षिकेसमोर आणि सरासरी दीड तास गटात बसून आपले काम उघडे करून दाखवावे लागते. प्रत्येक तासाची नोंद होते आणि त्यावर पर्यवेक्षिकेची सही लागते. प्रॅक्टिकम मी उन्हाळ्यात विद्यापीठाच्याच केंद्रात पूर्ण केले. इंटर्नशिपचे आजवर ३१२ तास भरले आहेत आणि त्यांपैकी १३१ प्रत्यक्ष आहेत. शंभरावा प्रत्यक्ष तास भरला त्या संध्याकाळी मी एकटीच चहा करून प्यायले आणि तुमची फार आठवण झाली.

मध्ये एक अडचण आली होती, जी मी तेव्हा लपवली. ऑगस्टच्या तोंडावर एका संस्थेने आधी होकार देऊन ऐनवेळी नकार कळवला. विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करायचे तर त्या ठराविक ठिकाणाच्या नावाने आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे सगळी कागदपत्रे पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. आता बसले आहे ती जागा चांगली आहे, काळजी करू नये.

तेथे ज्या खोलीत मी बसते ती पाहिली तर तुम्हाला नवल वाटेल. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ समोरच्या माणसाच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मला वेळ दिसावी, पण मनगटाकडे बघितल्याने त्याला उठायची घाई वाटू नये. दाराबाहेर जमिनीवर भाकरीच्या तव्याएवढे एक यंत्र सतत घरघरत असते, जुन्या टेबलफॅनसारखे. त्याचे काम इतकेच की आतला शब्द बाहेर बाकावर बसलेल्याला कळू नये. तेथे सांगितलेले बाहेर जात नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, अशा मोजक्या प्रसंगी कायद्याने सांगावेच लागते, आणि हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट करून लेखी संमती घ्यायची असते. त्या यंत्राचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपली लालबागची खोली आठवली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत सात माणसे, आणि पलीकडच्या बिऱ्हाडातला खोकलासुद्धा ऐकू यायचा. मनातले बोलायला तेथे जागाच कुठे होती?

येथूनच मूळ गोष्टीकडे येते.

समूहसमुपदेशन शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः गटाचा सदस्य म्हणून किमान दहा तास बसावे लागते. पुढे जे इतरांकडून मागायचे ते आधी आपण करून पाहावे, असा त्यामागचा हेतू आहे. मार्च महिन्यात अशा एका बैठकीत, आठ परक्या माणसांसमोर, मी आजोबांविषयी बोलले. ठरवून नव्हे. कोणीतरी विचारले की तुझ्या घरात दुःख झाले की माणसे काय करतात, आणि मला आजोबा दिसले. मी सांगितले की १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती, आणि आमचे आजोबा त्यांतले एक, साचेखात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संप कधी मिटला असे कोणी सांगितलेच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ते परत कामावर गेले नाहीत. मी लहान असताना, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा, ते पहाटे उठून आंघोळ करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळी गॅलरीत लाकडी स्टुलावर येऊन बसत. भोंगा तर केव्हाच बंद झाला होता. साधारण तासभर बसून ते आत येत आणि सदरा काढून खुंटीला लावत. आम्ही सगळे त्यांना वळसा घालून ये-जा करत होतो. कोणीही कधी काही विचारले नाही.

हे सांगताना मी रडले, आणि कोणी मला गप्प केले नाही. पण बाबा, ती गोष्ट माझ्याइतकीच तुमची होती. त्या संपात सतराव्या वर्षी कॉलेज सुटले ते तुमचे, आणि घराचा भार आला तो तुमच्यावर. तुमच्या वडिलांविषयी परक्यांशी बोलण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवे होते. नऊ महिने मी हे मनात ठेवले. मला क्षमा करावी.

ऑक्टोबरमध्ये सर्वसमावेशक परीक्षा झाली, तीही पास झाले. आठ विषय आणि १६० प्रश्न होते. त्यांतल्या करिअरविषयक भागात वाचले की अमेरिकेत या व्यवसायाचे एक मूळ फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये सुरू केलेल्या व्होकेशन ब्युरोत आहे, जेथे कामाच्या शोधात असलेल्या तरुणांना तुझे गुण कोणते, तुला काय जमेल, कोणते काम मिळण्यासारखे आहे, हे नीट बसवून विचारले जाई. ते पान वाचून मी पुस्तक मिटले. पंचेचाळिशीतल्या साचेवाल्याला हा प्रश्न कोणी विचारला असता तर, एवढाच विचार कितीतरी वेळ डोक्यात राहिला.

हा सगळा व्यवसायच तसा तरुण आहे. परवाना देणारे पहिले राज्य व्हर्जिनिया, १९७६ मध्ये, आणि शेवटचे कॅलिफोर्निया, २००९ मध्ये. मे महिन्यात माझी पदवी होईल, मग राष्ट्रीय परीक्षा, मग पहिला परवाना. स्वतंत्रपणे काम करण्याच्या वरच्या परवान्यासाठी ओहायोत पदवीनंतर आणखी दोन वर्षे आणि ३००० तास पर्यवेक्षणाखाली काढावे लागतात. माझ्या विषयाला पदवीनंतर कामाची मुभा मात्र बारा महिन्यांचीच मिळते. तेव्हा पुढे काय, हे मी आज ठामपणे लिहू शकत नाही. माझा ओढा मुंबईकडे आहे, एवढे खरे. येथे मी इंग्रजीत उत्तम काम करते असे पर्यवेक्षिका सांगतात, परंतु लक्षणांच्या तासाला जेव्हा विचारले गेले की तुमच्या भाषेत माणसे हे कसे सांगतात, तेव्हा मी फळ्यावर 'कसंतरीच होतंय' असे लिहिले आणि त्याचे भाषांतर मला जमले नाही. त्या दोन शब्दांत धडधड येते, भीती येते, उदासीही येते, आणि आपल्या चाळीतली बाई डॉक्टरला एवढेच सांगून गोळी घेऊन परत येते. तिला "कसंतरी म्हणजे कसं?" असे विचारून नंतर थांबणारे कोणीतरी मराठीत हवे आहे.

एक काम सांगते. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. तो मोठ्या अक्षरांत लिहून चाळीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावावा. कोणी "आम्हाला काय ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात पाठवता काय?" असे म्हणेल, पण लावावाच. खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या आईने तो पाहावा असे मला फार वाटते.

आजोबांविषयी तुम्हाला कधी बोलावेसे वाटले तर मी ऐकेन. फोनवर नको असेल तर मे नंतर मी येईन तेव्हा गॅलरीत बसू. तुम्हाला नकोच असेल तर तेही मला चालेल, मी पुन्हा विचारणार नाही. ते लाकडी स्टूल मात्र माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नये.

आईस सा. नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपली,
थोरली