नकाशावर मोठा, जमिनीवर चिंचोळा

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, वने व हवामान बदल,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

पत्र सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून लिहितोय, पण सुरुवात जरा लांबून करतो. कॅस्पियन वाघापासून.

जुन्या नकाशात या वाघाचा मुलूख बघाल तर अचंबा वाटेल. पूर्व तुर्कस्तान, कॉकेशस, इराणचं माझंदरान, मग तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान, थेट चीनच्या तारिम खोऱ्यापर्यंत. एवढ्या पसाऱ्यातून वाघ संपलाच कसा? तर रंगवलेला तो सगळा मुलूख त्याचा नव्हताच. मधे वाळवंट आणि ओसाड माळ. कॅस्पियनच्या दक्षिणेचं दाट जंगल आणि काही डोंगरी भाग सोडला, तर वाघ राहायचा नदीकाठच्या पट्टीत. अमूदर्या, सीरदर्या, इली यांच्या काठची झाडी आणि माणूस बुडेल एवढी उंच देवनळाची बेटं. तिकडे या झाडीला तुगई म्हणतात. रानडुक्कर तिथे, बुखारा हरीण तिथे, म्हणून वाघही तिथेच.

माणसालाही नेमकी तीच पट्टी हवी होती, कारण पाणी तिथेच. रशियन राजवट आल्यावर वाघ मारायला सैनिक लावले, इनामं ठेवली. पण बंदुकीपेक्षा नांगर भारी पडला. देवनळ जाळला, झाडी तोडली, कापूस आणि भात लावला. रानडुक्कर कमी झालं, हरीण कमी झालं. १९४७ साली सोव्हिएत सरकारने वाघाच्या शिकारीवर बंदी घातली, तोवर खायला आणि लपायला फारसं उरलंच नव्हतं. ताजिकिस्तानात वख्श आणि पंज नद्यांच्या संगमाजवळ १९३८ पासून एक राखीव रान आहे, तिग्रोवाया बाल्का, म्हणजे ‘वाघाची घळ’. तिथला वाघ १९५०च्या दशकात गेला. २०२३ साली युनेस्कोने त्या झाडीला जागतिक वारसा ठरवलं. पाटीवर वाघ अजून आहे! तुर्कस्तानात उलुदेरेजवळ १९७० साली एक मारला गेला, त्यानंतर खात्रीची नोंद मिळणं कठीण.

आता कझाकस्तानने वाघ परत आणायचं ठरवलंय. २००९ साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं की सैबेरियाचा वाघ आणि कॅस्पियन वाघ यांच्यात जवळजवळ फरकच नाही. २०१८ साली इली नदीच्या मुखाशी, बल्खाश सरोवराकाठी राखीव क्षेत्र झालं. तिथे बुखारा हरणं सोडली. २०२४ मध्ये नेदरलँड्सहून वाघांची एक जोडी आली. त्यातल्या वाघिणीचं नाव बोधना, अगदी आपल्यातलंच वाटावं असं. ही जोडी पिंजऱ्यातच वाढलेली, ती मोकळी सोडायची नाही. रानात जायचं ते पुढच्या पिढीने. मला त्यांचा क्रम पटला. आधी रान, मग हरीण, मग वाघ.

महोदय, आमचा सह्याद्रीही असाच एका पट्टीचा मुलूख आहे. चांदोली-कोयनेपासून राधानगरी, आंबोली, तिलारी, गोव्याची म्हादई आणि खाली कर्नाटकातलं कालीचं व्याघ्र रान. एका अंगाला देशावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला आमच्याकडचं रबर आणि अननस. रबर लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. माझीही काजूची बाग आहे, आणि ती आभाळातून पडलेली नाही. पण तिथल्या कापसाने जे केलं तेच इथे रबर करतंय, हे बागेत उभं राहिलं की दिसतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत ठेवली, आनंद झाला. पण वाघांची संख्या वाढली की पिल्लं मोठी होऊन नवी जागा शोधणार, आणि बरीचशी दक्षिणेलाच उतरणार. वाटेत आमचा तालुका, पुढे म्हादई. त्याच म्हादईत जानेवारी २०२०मध्ये एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली गेली. गुरं मारली म्हणून. म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असं उच्च न्यायालयाने जुलै २०२३मध्ये सांगितलं, तर गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करायला सांगितलं होतं. ते काम तुमच्या मंत्रालयाचं. यादीतून एकही गाव गाळू नका. खाणीसाठी नाही, रबरासाठी नाही, आणि कुणा आमदाराचा फोन आला म्हणून तर नाहीच. मधलं एक गाव गेलं तर पट्टी तुटते, मग उरलेली चोवीस कागदावरच राहतात.

दुसरं, वाघाने जनावर मारलं तर पंचनामा त्याच दिवशी होऊ द्या आणि पैसे महिन्याच्या आत मिळू द्या. नाहीतर गाव पुन्हा विषाची बाटली शोधेल, आणि तेव्हा ताडोबाहून आणखी किती वाघिणी आणणार, हे तुम्हीच आम्हाला सांगा.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक बागायतदार