मागच्या बाकड्यावरची झोप

चांदवड,
१४ सप्टेंबर

प्रिय सतीश,

तुझा फोन आला तेव्हा मी पडघ्याच्या टोलवर रांगेत उभा होतो आणि मागचा कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. म्हणून 'नंतर बोलतो' म्हणालो. आज गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम काढलंय, दिवसभर गॅरेजमध्येच आहे. तू विचारलंस, "टँकरवर जायचं खूळ कुठून आलं?" फोनवर ते सांगता आलं नसतं.

हेवी लायसन हातात येऊन दीड वर्ष झालं. चांदवडच्या मार्केटातून कांदा भरायचा, रात्री निघायचं, पहाटेच्या आत वाशीला पोचायचं. हंगामात सलग चौदा-चौदा तास स्टेअरिंगवर काढलेत. कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठच तास लिहिलेत, पण कांदा उशिरा पोचला की भाव पडतो आणि मालक भावाकडे बघतो. आता गॅसच्या टँकरवरचे जुने ड्रायव्हर नाना मला जोडीला बोलावतायत. उरणहून स्वयंपाकाचा गॅस भरून नागपूरकडे जाणारा टँकर आहे, त्यावर दोन ड्रायव्हर असतात. त्यांचा जोडीदार गुडघ्यामुळे घरी बसला. पगार महिन्याला सहा हजारांनी जास्त, भत्ता वेगळा. चार तास एकाने चालवायचं, चार तास दुसऱ्याने. कागदावर यात माझी झोप वाढते. पण ही झोप धावत्या गाडीत, दुसऱ्याच्या भरवशावर घ्यायची आहे, आणि माझं सगळं तिथेच अडलंय.

गॅसची भीती वाटत नाही असं नाही. २० डिसेंबर २०२४ ला पहाटे जयपूरजवळ भांक्रोट्याला गॅसचा टँकर वळत असताना ट्रक येऊन धडकला, गॅस पसरला आणि रस्त्यावरच्या गाड्यांसकट माणसं जळाली. ती बातमी मी ढाब्यावर बघितली आणि ताट तसंच ठेवून उठलो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीलगत खोलगट जागा शोधत सरकतो. द्रवाचा वायू झाला की सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. हे सगळं नानांनी मला चहा पिता पिता शिकवलं, कोणतीही गोष्ट लपवली नाही.

आतला माल हलतो म्हणजे काय होतं, ते मात्र मला आधीच ठाऊक होतं. दुष्काळात मी पाण्याचा टँकर चालवला ते आठवतं ना? बारा हजार लिटर. गच्च भरलेला टँकर शहाणा असतो. एका वस्तीवर निम्मं पाणी उतरवून पुढे निघालो की खरी परीक्षा. ब्रेक मारला, गाडी थांबली असं वाटतं, आणि क्षणभराने मागचं पाणी पुढे येऊन गाडीला ढकलतं. वळणावर तर सगळं पाणी एका अंगाला जातं. गॅसच्या टाकीत वर वाफेला जागा सोडावीच लागते, म्हणजे भरलेला टँकरसुद्धा आतून हलता असतो. टाकीतल्या आडव्या पत्र्यांमुळे पुढे-मागे हलणं कमी होतं, डाव्या-उजव्याला ते पत्रे फारसे उपयोगी नाहीत. तिथे वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, वळणात नाही. हे माझ्या अंगात आहे, सतीश. हे मला जमेल.

आता जे आईला सांगितलेलं नाही ते सांगतो. क्लीनर होतो तेव्हा एकदा इंदूरहून परत येत होतो. राहुड घाटात पहाटे चारच्या सुमाराला आमच्या उस्तादांना डुलकी लागली. मी केबिनमध्ये सीटमागच्या बाकड्यावर झोपलो होतो. जागा झालो तो डॅशबोर्डवर आपटूनच. गाडी साइडपट्टी सोडून कलली होती, चाकं मातीत रुतली म्हणून वाचलो. उस्ताद चांगला माणूस होता रे. तीन रात्री झोपला नव्हता आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटली. तेव्हापासून दुसरा कोणी चालवत असला की माझा डोळा लागत नाही.

मागच्या आठवड्यात नाना माझ्या कांद्याच्या गाडीत वाशीपर्यंत आले. म्हणाले, "तुझा हात बघतो." इगतपुरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कसारा घाट सुरू व्हायच्या आधी चपला काढल्या, बाकड्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "मी झोपतो, तू उतरव." ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये मी गाडी उतरवली, ब्रेक जपून वापरले, ते तापून लायनरचा वास येऊ दिला नाही. अर्ध्या घाटात मागून घोरणं ऐकू आलं. मला कोणी शाबासकी दिली असती तरी एवढं भरून आलं नसतं.

येताना त्यांनी गाडी घेतली आणि मी आडवा झालो. डोळे मिटून त्यांचे गिअर मोजत राहिलो. एकदाही चुकले नाहीत. तरी झोप आली नाही.

नाशिक सोडल्यावर उठून बसलो आणि राहुड घाटाचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "मला पण आत्ता झोप येत होती. तू घे." एवढंच. पुढे चांदवडपर्यंत मी आणली.

सोमवारी तीन दिवसांच्या कोर्सला जातोय. धोकादायक मालासाठी तो लागतोच, आणि नियमात असंही आहे की ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. दहावीत तू माझ्याकडून इंग्रजीचे धडे मोठ्याने वाचून घ्यायचास, ते इथे कामाला आलं. टाकीवरच्या पाटीवर १०७५ हा या गॅसचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो, त्याखालची सूचना मी परवा नानांना वाचून दाखवली.

नानांशी एक ठरवलंय. झोप आली की बोलायचं, ठरलेले चार तास झाले नसले तरी. पहिले दोन महिने बघतो. मागे पडल्यावर डोळा लागला तर राहतो, नाही लागला तर कांदा आहेच.

दिवाळीत येशील तेव्हा आईला राहुडचं मीच सांगेन, तू फक्त शेजारी बस. मिस्त्री हाक मारतोय, पाटे बसले वाटतं.

तुझाच,
दत्ता