खूण गोणीवर नको, मालात हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरीप तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून ठरावीक बातम्या सुरू होतात. भरारी पथकाचा छापा, बोगस मालाच्या गोण्या जप्त, गोदामाला सील. पाठोपाठ सल्ला येतो : पक्की पावती घ्या, वेष्टन नीट बघा, क्यूआर कोड स्कॅन करा. सल्ला चुकीचा नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट गोणीची चौकशी करते, गोणीतल्या मालाची नाही. मी पशुखाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत गुणनियंत्रणाचे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पुढची उदाहरणे बहुतेक त्याच धंद्यातली आहेत. खते-बियाणेवाल्यांनी आपापल्या जागी ताडून पाहावीत.

गोळी पेंडीची, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या पशुखाद्याची गोणी रिकामी झाली की तिचे काय होते? काही घरात धान्य भरायला राहतात, एखादी पाय पुसायला, बाकीच्या भंगारवाल्याकडे. नावाजलेल्या कंपनीच्या, न फाटलेल्या गोणीला तो दोन पैसे जास्त देतो. का देतो, हे कोणी विचारत नाही. त्या गोणीवरची छपाई खरी, कोड खरा, बॅच नंबरही खरा. तोंडाला नवी शिलाई मारण्याचे हातातले यंत्र बाजारात कोणालाही मिळते. आत काहीही भरा, मोबाइल ‘अस्सल’ म्हणणार. खनिज मिश्रणाचे तर विचारूच नका. पांढुरकी भुकटी ती, त्यात निम्मी चुनखडीची पूड घातली तर गोठ्यातल्या माणसाला दिसणार काय? आयएस 1664 हे खनिज मिश्रणाचे भारतीय मानक गोणीवर छापलेले असते, पण मानकाप्रमाणे माल आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. तिचा अहवाल येईपर्यंत गोणी संपलेली असते आणि दूध का घटले म्हणून पशुपालक डॉक्टरांच्या मागे लागलेला असतो.

यावर एक साधा उपाय जगात कधीचाच आहे. 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीने खाद्यात चालणारा रंग चढवलेले लोखंडाचे बारीक कण बाजारात आणले. मूळ हेतू वेगळा होता. मिक्सरमध्ये माल सगळीकडे सारखा मिसळला का, हे बघण्यासाठी ते होते. पुढे उत्पादकांच्या ध्यानात आले की हीच आपल्या मालाची सही होऊ शकते. एका ग्रॅममध्ये असे सुमारे 25 हजार कण बसतात. टनाला 50 ग्रॅम टाकले, तर प्रत्येक ग्रॅम पेंडीत सरासरी सव्वा कण येतो. डोळ्यांना काही दिसत नाही, जनावराला काही कळत नाही. टनाला 50 ग्रॅम लोखंड म्हणजे दहा लाखांत 50 भाग, एवढे किंवा त्याहून जास्त लोह चाऱ्यात एरवीही असते.

तपासणी बघण्यासारखी असते. 80 ग्रॅम पेंड दळून चुंबकावरून सोडायची. चुंबकाला चिकटलेली काळपट धूळ गोळा करून तिचे चुंबकत्व उतरवायचे आणि पाणी-अल्कोहोलने ओलसर केलेल्या गाळणकागदावर ती पातळ भुरभुरायची. पहिल्यांदा वाटते, काहीच झाले नाही. मग एका कणाभोवती निळा ठिपका उमटतो, शेजारी दुसरा, आणि बघता बघता कागदभर निळ्या ठिपक्यांची पुरळ उठते. यंत्राच्या झिजेतून आलेला लोखंडाचा चुरा तसाच काळा राहतो, तो रंग सोडत नाही. कागद वाळवून ठिपके मोजायचे. वर सांगितलेल्या हिशेबाने ते शंभराच्या आसपास भरले पाहिजेत. 92 आले किंवा 110 आले तर घाबरायचे कारण नाही, मोजणीत तेवढे खालीवर होतेच. एकही ठिपका नाही तर माल बनावट. आणि पन्नासच आले तर? कोणीतरी अस्सल मालात तेवढाच दुसरा माल मिसळला आहे. क्यूआर कोडला ‘होय’ आणि ‘नाही’ एवढीच भाषा येते. निम्मे खरे, निम्मे खोटे हे त्याला सांगता येत नाही. माझ्या अनुभवात पूर्ण बनावट मालापेक्षा असा मिसळलेला मालच जास्त आणि पकडायला जास्त कठीण.

चहात लोखंडाचा कीस आहे का, हे बघायला पावडरीतून चुंबक फिरवा, असे अन्नसुरक्षा प्राधिकरण घरगुती चाचण्यांत सांगते. तिथे चुंबकाला चिकटते ती भेसळ. इथे चुंबकाला चिकटते तो खरेपणाचा पुरावा. हत्यार तेच.

चुंबकीय खूण आपल्या रोजच्या व्यवहारातही आहे, फक्त लक्ष जात नाही. धनादेशाच्या तळाशी असलेले वेडेवाकडे आकडे लोह ऑक्साइड असलेल्या शाईने छापतात. बँकेच्या काउंटरवरच्या नोटा मोजण्याच्या यंत्रावर ‘यूव्ही’च्या शेजारी ‘एमजी’ लिहिलेले असते, ते एमजी म्हणजे हीच चुंबकीय तपासणी. नोट आणि धनादेश यांच्या बाबतीत सरकारला कधीच वाटले नाही की पाकिटावर खूण छापली की भागले. खूण कागदात आणि शाईतच घातली. सोन्याचेही तेच : सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, डबीवर नसतो, दागिन्यावर कोरलेला असतो. ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडवर कोड सक्तीचा झाला, तो मात्र वेष्टनावर. गोळ्यांची पट्टी निदान एकदा फोडली की संपते. गोणी संपत नाही.

परदेशात तर स्फोटकांतही ओळखकण घालतात. त्यातल्या एका प्रकारात प्लॅस्टिकच्या रंगीत थरांचे सूक्ष्म तुकडे असतात आणि त्यातला एक थर चुंबकीय, म्हणजे स्फोटानंतरच्या ढिगाऱ्यातून ते चुंबकाने वेचता यावेत. स्वित्झर्लंडने स्फोटकांत असे ओळखकण 1980 मध्ये कायद्याने सक्तीचे केले.

आपल्याकडे मालात खूण घालण्याचा प्रयोग झाला नाही असे नाही. रेशनचे रॉकेल निळे असते ते त्यासाठीच. 2006 मध्ये रॉकेलमध्ये रासायनिक ‘मार्कर’ घालायला सुरुवात झाली, म्हणजे पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेल ओतले की चाचणीत दिसावे. दोन-अडीच वर्षांत ती योजना गुंडाळली गेली, कारण साध्या मातीतून गाळून तो मार्कर काढून टाकता येतो असे आढळले. त्यानंतर 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ उघडकीस आणायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. मार्कर चालू असता तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण भेसळ ओळखायला अधिकाऱ्याने अड्ड्यावर जाऊन उभे राहावे लागते, ही व्यवस्थाच मला पटत नाही. मालाचा नमुना कुठेही, कोणीही तपासू शकला पाहिजे. उलट बाजूचे उदाहरण युरियाचे. 2015 मध्ये देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्यामागचा एक हेतू होता. खूण दाण्यावरच, गोणी कुठलीही असो.

आता अडचणी. रॉकेलवाल्यांनी मार्कर मातीने काढला, तसे लोखंडाचे कण चुंबकाने काढता येतीलच की! येतील. पण ते काढण्यात बनावट माल विकणाऱ्याचा फायदा नाही, त्याला ते घालायचे असतात. लेथवरचा कीस घातला तर रंग सुटणार नाही. रंगीत कण तोही बनवू शकेल, हे खरे. म्हणून रंगांचे प्रमाण हंगामागणिक बदलावे लागते, उदाहरणार्थ तीन निळ्यांना एक लाल, आणि ते कंपनी व तपासणारा यांच्यापुरतेच राहावे लागते. शेवटी रिकामी गोणी मिळवण्यापेक्षा हे महाग आणि किचकट आहे, एवढे पुरे.

खरी डोकेदुखी कारखान्याच्या आत आहे. खिळे, तारा जनावराच्या पोटात जाऊ नयेत म्हणून दळणयंत्राच्या आणि गोळी यंत्राच्या आधी चुंबक बसवलेले असतात. कण त्याच्या आधी टाकले तर निम्मे तिथेच अडकून बसतील. त्यामुळे कुठे टाकायचे हे प्रत्येक कारखान्याला स्वतः बसवून घ्यावे लागेल. द्रवरूप कीटकनाशकांना हा मार्ग नाही. कण तळाशी बसतील, पंपाचा नोझल तुंबेल. दमट खतात लोखंड गंजेल, तिथे दुसरा पदार्थ शोधावा लागेल. बियाण्यावर मात्र रंगाचा लेप देतातच, त्यात हे सहज बसेल.

सगळ्यावर एकदम सक्ती करा, असे माझे म्हणणे नाही. सहकारी दूध संघ स्वतःचे खनिज मिश्रण तयार करून सभासदांना देतात, तिथून सुरुवात व्हावी. बनवणारे तेच, वाटणारे तेच, आणि रोजचे दूध त्यांच्याच संकलन केंद्रावर येते. तपासणीला लागते काय? एक चुंबक, गाळणकागद, अल्कोहोल आणि मोजायला भिंग. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे सगळे एका कपाटात मावेल, आणि तिथला कर्मचारी दोन दिवसांत शिकेल. पशुपालकाने मूठभर नमुना पुडीत बांधून आणावा आणि त्याच दिवशी उत्तर घेऊन जावे.

आणि हे होईपर्यंत एक काम उद्यापासून करता येईल. पशुसंवर्धन खात्याने कंपन्यांना रिकाम्या गोण्या विक्रेत्यामार्फत ठरलेल्या दराने परत घ्यायला लावावे, किंवा निदान गोणी उघडताना तिचे छापील तोंड फाटेल अशी शिलाई तरी सक्तीची करावी.

आपला,
एक निवृत्त गुणनियंत्रण रसायनतज्ज्ञ
(जि. सांगली)