कॉम्प्युटरचा पासवर्ड शाळेत असू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी दहावीत आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मध्ये मानवी प्रजनन आणि मासिक पाळीची माहिती आहे. मागच्या महिन्यात बाईंनी मुलींना कॉम्प्युटरवर गर्भाशयाचं चित्र दाखवायला घेतलं, तर पडद्यावर 'हे पान बंद आहे' एवढंच आलं. बाईंनी दुसरी तीन पानं उघडून पाहिली, तीही बंद. शेवटी त्यांनी फळ्यावर खडूने आकृती काढली. पुस्तकात छापलेलं आणि परीक्षेत विचारलं जाणारं शाळेच्या कॉम्प्युटरवर का चालत नाही, हे मुलीने मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या गटाने फवारणीतल्या विषबाधेवर प्रकल्प घेतला होता. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची माहिती शोधली, तीही अडली. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आमच्या पोरांच्या घरात पंप आहे, औषधाच्या बाटल्या आहेत. तोंडाला काय बांधायचं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, अंगावर सांडलं तर आधी काय करायचं, हे त्यांना ठाऊक असायलाच पाहिजे.

शाळेच्या कॉम्प्युटरवर पानं अडवणारा हा फिल्टर नकोच, असं मी म्हणत नाही. अश्लील पानं आणि पैशांचे जुगार बंदच राहावेत. पण असा फिल्टर शब्द पाहतो, त्याला अर्थ कळत नाही. 'स्तन' हा शब्द दिसला की पान बंद, मग ते कर्करोगाच्या तपासणीचं का असेना. शाळेत चौकशी केली तेव्हा कळलं, की कॉम्प्युटर बसवणारा माणूस अडवायच्या शब्दांची यादी लावून गेला आणि ती बदलायचा पासवर्डही त्याच्याकडेच आहे. मुख्याध्यापकांना एक पान उघडायचं तरी त्याला फोन करावा लागतो, आणि तो फोन उचलत नाही.

ज्या घरात पोराच्या हातात मोबाइल आहे, तिथे त्याला रात्री कोणी अडवत नाही. अडते ती मुलगी, कारण घरातला एकमेव फोन बाबांसोबत वावरात जातो आणि संध्याकाळी भावाच्या हातात पडतो. तिच्यासाठी शाळेची कॉम्प्युटर खोली हीच एक जागा आहे. वसतिगृहातले मोबाइलचे निर्बंध न पाळल्याने काढलेल्या विद्यार्थिनीला केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये परत घ्यायला लावलं आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क आमच्या खेड्यातल्या मुलींचाही आहे.

माझी शिक्षण विभागाला विनंती आहे, की पासवर्ड मुख्याध्यापक आणि विषय शिक्षकांकडे द्यावा. खोलीत एक वही ठेवावी. अडलेलं पान, तारीख आणि ते कशासाठी हवं होतं, हे मुलांनी तिच्यात लिहावं, आणि शिक्षकांनी दोन दिवसांत उघडायचं की नाही ते ठरवावं. नाही म्हटलं तर कारणही तिथेच लिहावं. पालक सभेत ती वही आम्हाला दाखवावी. याला फारसा पैसा लागत नाही.

दिवाळीआधी सहामाही परीक्षा आहे आणि तो पाठ तिच्यात आहे. निदान तेवढी पानं तरी त्याआधी उघडून द्यावीत.

आपली,
दहावीतल्या मुलीची आई
ता. घाटंजी, जि. यवतमाळ