बाबा, कढीपत्त्यावर औषध मारलं नाही

डिचोली
श्रावणातला शनिवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या काकूंनी तुम्हाला पुण्याला कळवलं की परसात रान माजलंय आणि कढीपत्त्याचा खराटा झालाय. दोन्ही खरं आहे. बाबा, तुम्ही लगेच म्हणालात, "पंप माळ्यावर आहे, औषध मार." मी मारलं नाही आणि मारणारही नाही. का, ते आधी वाचा, मग हवं तर रागवा.

जूनच्या अखेरीस फोडणीला पानं तोडायला गेले, तर एका पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी काळंपांढरं दिसलं. पान झटकलं तर ते हललं. बोट लागताच त्याच्या डोक्यामागून लाल, दोन फाट्यांचं ओलसर शिंग बाहेर आलं आणि उग्र आंबूस वास सुटला. दोन क्षणांत शिंग परत आत. ती अळी होती. एवढ्याशा जिवाने मला हात मागे घ्यायला लावला. त्या दिवशी आमटी बिनकढीपत्त्याची झाली.

मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच. अळ्या नऊ होत्या. कात टाकत टाकत त्या वाढल्या आणि शेवटची कात टाकल्यावर एकदम पोपटी झाल्या, पानात लपून जातील अशा. पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके, जणू छोटा सापच बघतोय. ते खरे डोळे नव्हेत, पाखरांना भिववायला आहेत. तरी बुलबुलाने चार उचलल्या. तीन कुठे गेल्या कळलं नाही. उरलेल्या दोघींपैकी एकीने फांदीवर कोष केला, दुसरी सरपटत शेजारच्या पपनसावर गेली. विजेच्या खांबावरचा लाइनमन कमरेला पट्टा बांधून मागे रेलतो ना, अगदी तसा तो कोष एका रेशमी धाग्याच्या आधाराने रेललेला असतो. धागा इतका बारीक की ऊन पडल्याशिवाय दिसत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी फांदीवरचा कोष काळपट झाला. साडेसातला तो फाटला आणि चुरगळलेल्या ओल्या चिंधीसारखं काहीतरी बाहेर आलं. ते रिकाम्या कोषाला लटकून राहिलं आणि पंख हळूहळू खाली उतरत गेले, पोटातलं पाणी पंखांच्या शिरांत भरत गेलं तसतसे. तासाभराने काळे पंख ताठ झाले. मागच्या पंखांवर पांढरे आणि लाल डाग होते. मला आधी वाटलं हे कॉमन रोझ फुलपाखरू, पण त्याचं अंग लाल असतं, हिचं काळं होतं. ही कॉमन मॉर्मनची मादी. आई, सापसणीचा वेल आठवतो ना? कॉमन रोझच्या अळ्या त्यावर वाढतात. त्या वेलाचं विष अंगात भिनल्यामुळे पाखरं त्यांना तोंड लावत नाहीत. मॉर्मनच्या अंगात विष मुळीच नाही, पण तिच्या काही माद्या कॉमन रोझचं सोंग घेतात आणि वाचतात. नर बिचारे सगळे साधे काळेच, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ तेवढी. लहानपणी तू ज्यांना "पिसोळी" म्हणून दाखवायचीस, त्यांतली किती आपल्याच फोडणीच्या झाडावर वाढली असतील!

बाबा, आता न्हाणीच्या भिंतीवरची कुंभारीण माशी. तुम्ही सांगायचात की ती किड्याला घरात कोंडते, किडा भीतीने तिचंच ध्यान करतो आणि शेवटी तोच कुंभारीण होऊन बाहेर पडतो. भ्रमर-कीटकाचा तो दृष्टांत मला अजून प्रिय आहे, ध्यानाबद्दल तो खराच आहे. पण या वेळी मी भिंतीजवळ स्टूल टाकून दोन सकाळी बसले. तिने ओल्या मातीच्या गोळ्या आणून सुबक गाडगं केलं, आत अंडं घातलं आणि मग एकेक बारीक हिरवी अळी आणून ठेवली. नांगी मारलेली, जिवंत पण न हलणारी, म्हणजे बाळाचं अन्न ताजं राहावं म्हणून. मग तोंड लिंपून गेली, परत आलीच नाही. आत अंड्यातून निघणारं पिल्लू त्या अळ्या खाऊन मोठं होतं आणि भिंत फोडून तेच बाहेर येतं. दरवर्षी रंगकामाच्या आधी आपण ती गाडगी खरवडून टाकायचो.

काजूवरच्या हुमल्यांनाही, त्या तांबड्या मुंग्यांनाही, राहू दिलंय. चावतात, कबूल. पण काजूच्या पालवीवर बसणाऱ्या ढेकण्या किडीला तेच खातात. त्यांचं घर कधी जवळून पाहिलंत? मुंग्यांची एक रांग दोन पानांच्या कडा ओढून धरते आणि बाकीच्या आपलीच पिल्लं तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात. पिल्लू म्हणजेच सुई-दोरा.

आणि आई, पूजेची फुलं काढताना कण्हेरीच्या पानाखाली लटकलेला घासलेल्या चांदीच्या लोलकासारखा कोष दिसला. त्यात माझा चेहरा दिसत होता. त्या फांदीची फुलं देवाला वाहिली नाहीत, रागावू नकोस.

तुमची खरी भीती मला ठाऊक आहे, बाबा. न्हाणीमागे आजीला जनावर चावलं, तेव्हापासून तुम्ही परसात गवताची काडी ठेवली नाहीत. लहानपणी तुमच्यामागून बादली घेऊन मीच फिरायचे. म्हणून घरापासून पंधरा पावलं गवत कापलेलंच आहे, न्हाणीची वाट सिमेंटची करून घेतली, पाणी कुठेही साचू देत नाही. रान आहे ते विहिरीपलीकडच्या पट्ट्यात, तिथेही काठी आणि गमबूट घेतल्याशिवाय जात नाही. स्वयंपाकासाठी कढीपत्त्याचं वेगळं रोप कुंडीत लावून त्यावर जुनी मच्छरदाणी घातली आहे.

नारळ काढून घेतले, चवथीपुरते सोलून ठेवलेत. गणपतीवर बांधायच्या माटोळीला पपनसं झाडाचीच होतील, यंदा सात लागलीत. त्याच झाडावर दुसरा कोष आहे. आज संध्याकाळी पाहिला तर कवचाआडून पंखांवरची पांढरी ओळ दिसायला लागली होती. हा नर निघेल असं वाटतं. पहाटे उठायचंय, म्हणून थांबते.

बाबा, घड्याळं दुरुस्त करायचं तुमचं भिंग येताना आठवणीने आणा.

तुमची
बाय