बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आलाय. आता थोड्या दिवसांत आपल्या गावातल्या गॅरेजांसमोर सकाळी सकाळी ढकलत आणलेल्या गाड्या दिसायला लागतील, "सेल (बटणाचा स्टार्टर) घेत नाही हो, काल रात्रीपर्यंत बरी होती". त्यातल्या कितीतरी गाड्यांना काहीही न मोजता नवीन बॅटरी बसवून पाठवलं जाईल आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच गाड्या परत तिथंच येतील. हे दरवर्षी बघतोय आणि लई वाईट वाटतं, कारण पैसे जातात ते दूधवाल्याचे, एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांचे, म्हणून हे पत्र.

मी उद्यमनगरात टू-व्हीलरचं वायरिंग आणि कॉइलची कामं करतो. मागच्या पावसाळ्यात केर्लीकडचे एक मामा आले होते, रोज पहाटे गंगावेशला दूध घालायला येतात. वर्षात दुसरी बॅटरी घातलेली आणि ती पण उतरलेली. साइड पॅनेल काढलं, मॅग्नेटकडून, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून, येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कप्लर (जोड) हातात घेतला तर पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, एका बाजूनं वितळून बसलेलं, आतली एक पिन हिरवी पडलेली आणि तिच्या वायरचं कव्हर बोटानं दाबलं तर तुटून हातात येतंय. तीन फेजपैकी एक फेज पुढं जातच नव्हता. जळका भाग कापून नवा कप्लर घातला, पिना नीट क्रिंप केल्या, गाडी रेस करून मीटर लावला तर १४.२ व्होल्ट. बॅटरीत दोष नव्हताच. आधी दोनदा बॅटरी विकणाऱ्या दुकानात एकदाही मीटर बाहेर निघाला नव्हता असं मामांनी सांगितलं. झरा आटलेल्या विहिरीवर बादल्या बदलत बसण्यासारखं झालं हे.

पूर्वी हे चालून जायचं, कारण कार्बोरेटरच्या गाडीला बॅटरी मेली तरी किक मारून घर गाठता यायचं. आता १ एप्रिल २०१७ पासून नवीन गाडीचा हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, इंजिन चालू तोवर लाइट चालू. २०२० ला बीएस-६ (धुराचा नवा नियम) आल्यापासून पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं करंटवर, आणि बऱ्याच गाड्यांना किकच दिलेली नाही. बॅटरी मात्र शंभर-सव्वाशे सीसीला साधारण तीन ते पाच अँपिअर-अवरचीच, म्हणजे तीन ते पाच अँपिअर जेमतेम तासभर देणारी. वरून पोरं फॉगलॅम्पची जोडी बसवतात, ४० वॅटची जोडी म्हणजे तीन अँपिअर गेलेच. चार्जिंग बंद पडलं तर तेवढ्यावर गाडी किती वेळ चालणार? आणि ती बंद पडते ती बरोबर आंबोलीच्या नाहीतर गगनबावड्याच्या घाटात, पावसात, अंधारात.

खरं तर तपासायला फार काही लागत नाही. दोन-चारशे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर डीसी व्होल्टवर लावायचा, १२.६ च्या वर दिसलं तर बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे उतरलेली. उतरलेली असेल तर आधी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या, मेलेल्या बॅटरीवर चार्जिंग तपासलं की आकडे फसवतात आणि तिथूनच पुढचं सगळं चुकत जातं. भरल्यावर सेल मारताना मीटरकडे बघा. साडेनऊ-दहाच्या खाली घसरत असेल तर बॅटरी खरंच कमजोर आहे, बदला, त्यात वाद नाही. तसं नसेल तर गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमवर धरायची. साडेतेरा ते साडेचौदा-पावणेपंधरा दिसलं तर चार्जिंग ठीक. आयडलला (रेस न देता) थोडं कमी दिसणं नॉर्मल आहे. रेस करूनही बाराच्या घरात राहिलं किंवा हळूहळू उतरायला लागलं तर करंट बॅटरीपर्यंत पोचत नाहीये, आणि पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (कॉइलची वीज बॅटरीजोगी करणारा पार्ट) गेलाय, तो नव्या बॅटरीला पण उकळून मारणार, बल्ब पण उडवणार.

मग लगेच रेग्युलेटर बदलायला पळू नका, आमच्या धंद्यात तिथंच दुसरी घाई होते. आधी फ्यूज, आधी कप्लर, आधी अर्थिंग. बॅटरीच्या मायनसची वायर चेसीला जिथं बोल्टनं बसते तिथं गंज असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात राहिल्या त्यांच्या कप्लरात अजून बारीक गाळ सापडतो, वरून गाडी चकाचक असते. गाडी चालू ठेवून रेग्युलेटरच्या प्लस वायरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मीटर लावा, मधे पाव-अर्धा व्होल्ट खाल्ला जात असेल तर दोष वायरिंगचा, पार्टचा नाही.

हे सगळं बरोबर असेल तर कॉइलवर जायचं. पिवळ्या वायरींचा कप्लर सोडायचा, मीटर एसी व्होल्टवर घ्यायचा, गाडी चालू करून दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजायच्या (लहान गाड्यांना काही वेळा दोनच वायरी असतात). आकडा गाडीगाडीला वेगळा, पण रेस केल्यावर चाळीस-पन्नासच्या पुढं जायला पाहिजे आणि महत्त्वाचं म्हणजे तिन्ही जोड्या सारख्या पाहिजेत. दोन जोड्या साठ आणि एक वीस, असं दिसलं की कॉइल गेली. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिन बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (मीटर बीपवर ठेवून) बघायची, बीप वाजला तर कॉइल बॉडीला शॉर्ट आहे. मॅग्नेट कव्हर उघडलं की दिसतंच, चांगल्या कॉइलची तार तांबूस असते आणि जळलेल्याचे दोन-चार पोल (तारेच्या गुंडाळ्या) कोळशासारखे काळे, जळक्या ऑइलचा वास. असं दिसलं तर रिवाइंडिंग करून मिळतं आपल्याकडं, फक्त तार त्याच गेजची आणि उष्णता सोसणारी घातली का ते विचारा, स्वस्तातली कॉइल परत जळते. कॉइल ठीक, वायरिंग ठीक आणि तरी चार्जिंग नाही, तेव्हा कुठं रेग्युलेटर बदलायचा.

आणि चार्जिंग उत्तम असून रोज सकाळी बॅटरी उतरत असेल तर किल्ली बंद असताना काहीतरी करंट खातंय. मायनस टर्मिनल काढून मधे मीटर मिलीअँपिअरवर लावायचा (असा लावलेला असताना सेल मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो). दोन-चार मिलीअँपिअर चालतात, पण जीपीएस ट्रॅकर, अलार्म, मोबाइल चार्जर असलं बाहेरून जोडलेलं ५० मिलीअँपिअर खात असेल तर तीन अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत रिकामी. घरापासून बिंदू चौक आणि परत एवढंच रोजचं चालवणं, त्यात चार वेळा सेल, अशा गाडीची बॅटरी पण भरायला वेळच मिळत नाही, तिथं दोष कुणाचाच नाही, आठवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत फिरवून आणा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. चालू गाडीची बॅटरी काढून "बघा, बंद पडत नाही म्हणजे चार्जिंग ओके" हा जुना प्रकार इंजेक्शनच्या गाडीवर अजिबात करू देऊ नका. बॅटरी मधून निघाली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो, त्याची किंमत बॅटरीच्या कैक पट असते. जुन्या गाड्यांवर शिकलेले चांगले चांगले मिस्त्री अजून हे करतात.

आता दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. गॅरेजवाला का मोजत नाही, कारण मोजायचे पैसे कुणी देत नाही. अर्धा-पाऊण तास पॅनेल उघडून, कप्लर सोडून दोष शोधला आणि दीडशे रुपये मागितले की गिऱ्हाईक म्हणतं "नवीन काय घातलंस की पैसे मागतोयस?" तेच गिऱ्हाईक हजार-पंधराशेची बॅटरी मात्र कुरकुर न करता घेतं, कारण हातात वस्तू दिसते. मग गॅरेजातलं पोरगं पण शहाणं होतं आणि वस्तूच विकतं. दोष शोधणं हेच खरं काम आहे भावांनो, पार्ट बसवणं तर कुणीही करेल. त्याचे पैसे मागायला मिस्त्रींनी लाजू नये आणि द्यायला गिऱ्हाइकानं मागं सरू नये.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. बॅटरी विकणाऱ्या प्रत्येक दुकानानं गिऱ्हाइकासमोर मीटर लावून तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल मारतानाचं आणि रेसवरचं. गिऱ्हाइकांनी ते आकडे मागावेत, न दिले तर दुसऱ्या दुकानात जावं. कळंब्याच्या आयटीआयनं पावसाआधी एखाद्या रविवारी दसरा चौकात नाहीतर रंकाळ्यावर फुकट चार्जिंग तपासणी ठेवली तर पोरांचा हात बसेल आणि लोकांना कळेल, मी माझा मीटर घेऊन दिवसभर थांबायला तयार आहे. आणि संपादक साहेब, आपल्या अंकात जूनच्या पहिल्या आठवड्यात हे तीन आकडे एका लहान चौकटीत छापाल का? लोक कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवतील.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
उद्यमनगर, कोल्हापूर